आडवा कण

१

आमच्या घरात सगळ्यात आधी मी उठते. चहाचं आधण ठेवते, मुलीचा डबा भरते आणि मग नवऱ्याला उठवायला आत जाते. तो हाकेने उठणारा प्राणी नाही. खांदा धरून गदागदा हलवावं लागतं, तेव्हा कुठे एक डोळा उघडतो आणि विचारतो, "आज रविवार ना?"

त्या सकाळी मी खांदा धरायला वाकले आणि तशीच थांबले. तो पलंगावर तिरका पडला होता. डोकं उशाच्या डाव्या कोपऱ्यात, पाय पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात, हात अंगालगत. माणूस झोपेत लोळून तिरका झाला की चादरीचा बोळा होतो, उशी खाली जाते. इथे चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. कोणी उचलून नीट ठेवल्यासारखा तो पडला होता.

"अख्खा पलंग अडवलायस," मी म्हटलं. "मी कुठे झोपले होते मग?"

"मला काय माहीत? घरीच होतीस ना?"

त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आमच्या घराच्या अगदी खाली. मी खडकांच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. 'आम्ही दोघं काचेवर पोट भरतो' हा त्याचा लाडका विनोद. पाहुणा आला की तो होणारच.

त्याला चहा देऊन मी मुलीच्या खोलीत गेले. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण जन्मल्यापासून ती एका जागी बसलेली नाही. झोपेत तर तिची फिरकी व्हायची. डोकं कुठे, पाय कुठे, पांघरूण भलतीकडेच. पण त्या दिवशी तीही तिरकी, ताठ पडली होती. तिची कॉट अरुंद, त्यामुळे पोटऱ्यांपासून पुढचे पाय कडेच्या बाहेर आले होते आणि अधांतरी होते.

बापलेक एकाच तिरक्या रेषेत झोपले होते. मधे भिंत होती, एवढंच.

२

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. दोन माणसं एका सकाळी तिरकी झोपली, याला मी योगायोग म्हटलं आणि कामाला गेले.

आमच्या गावाखालून तेव्हा पाण्याचा बोगदा खणत होते. तिथले दगड आमच्याकडे तपासायला यायचे. आमचे काका, म्हणजे प्रयोगशाळेत दगड कापणारे गृहस्थ, त्या दगडाची चकती कापायचे, ती राळेने काचपट्टीवर चिकटवायचे आणि घासत घासत इतकी पातळ करायचे की तिच्यातून उजेड आरपार जावा. मग ती माझ्याकडे. मी फक्त बघायचं की दगडातले कण कसे पडले आहेत.

कारण रूपांतरित खडकात कण कसेही पडत नाहीत. खोल जमिनीत तापलेल्या खडकावर एका बाजूने दाब आला की त्यातलं अभ्रक, म्हणजे ते चकचकीत पापुद्रे, हळूहळू वळतात. दाबाला आडवे होतात. सगळे एका दिशेने, एकाला एक समांतर, परेडला उभे राहिल्यासारखे. याला लाखो वर्षं लागतात. आमच्या गावाखालच्या खडकात ती दिशा ईशान्य-नैर्ऋत्य होती. म्हणजे कधीकाळी दाब वायव्येकडून आला होता, आणि आग्नेयेकडून तेवढाच रेटा. ही दिशा मला तोंडपाठ होती. तिच्यावर बोगद्याच्या भिंती टिकणार की ढासळणार हे ठरत होतं.

त्या आठवड्यात रोज सकाळी नवरा तिरकाच सापडला. मुंगीसुद्धा. शेवटी एके दिवशी मी कामावरचं होकायंत्र पिशवीत घालून घरी आणलं आणि दुपारी, तो दुकान बंद करून पडला असताना, त्याच्या पाठीला समांतर धरलं.

सुई स्थिरावली. मी ते झटकलं, पुन्हा धरलं. पलंगात लोखंड असेल म्हणून उंच धरलं. मग मुंगीच्या खोलीत जाऊन, झोपलेल्या तिच्या पाठीलाही धरलं.

ईशान्य-नैर्ऋत्य.

तो उठल्यावर मी विचारलं, "तू हल्ली तिरका का झोपतोस?"

"मी?" तो हसला. "आधी तू झोपायला लागलीस तशी. महिनाभर झाला असेल. तू एवढी जागा अडवायचीस, म्हणून मग मी तुझ्या बाजूने तसाच सरकायला लागलो. आणि खरं सांगू? बरं वाटतं. पाठ दुखत नाही."

३

मुंगीला दगडांचं वेड. त्या रविवारी तिने विचारलं, "आई, ते पापुद्रे वळतात म्हणजे त्यांना पाय असतात का?"

मी तिची मातीची लगदी घेतली, हस्तकलेच्या डब्यातल्या रंगीत चमक्या तिच्यात मळल्या. चमक्या वाट्टेल तशा विखुरल्या. मग तो गोळा दोन जाड पुस्तकांमध्ये ठेवला आणि तिला म्हटलं, "दाब." तिने सगळं अंग टाकून दाबलं, दात-ओठ खाऊन. गोळ्याची चपटी वडी झाली. मी ती सुरीने मधोमध कापली.

आत सगळ्या चमक्या आडव्या झाल्या होत्या. एकीमागे एक, ओळीने.

"बाबा, बघा ना!" ती ओरडली. तो आला, चष्मा कपाळावर सारून बघितलं, म्हणाला, "रांगेत उभं राहायला हिच्या शाळेतल्या पोरांपेक्षा बऱ्या आहेत."

मुंगी मात्र वडीकडेच बघत होती. "आणि एखादी चमकी वळलीच नाही तर? ती उभीच राहिली तर?"

"मग ती मधेच दुमडते," मी म्हटलं. "किंवा मोडते."

"बिचारी," मुंगी म्हणाली.

त्या संध्याकाळी आम्ही पलंग फिरवला. नवऱ्याचीच कल्पना. "तिरकं झोपायचंच असेल तर पलंगच तिरका करू, म्हणजे आपण सरळ." खोलीच्या मधोमध पलंग तिरपा लागला, कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं. मुंगीची कॉटही तशीच वळवली. दुसऱ्या दिवशी सगळे पलंगावर अगदी सरळ. मला हसू आलं. एवढ्याशा गोष्टीचा मी केवढा बाऊ केला होता.

झोप अशी गाढ लागायची की सांगता सोय नाही.

४

मुंगीला चष्मा आहे. तो अर्थात तिच्या बाबांनीच बनवलेला, जांभळ्या काड्यांचा. तो सैल व्हायला लागला.

मूल चष्मा ओढतं, फेकतं, त्यावर बसतं, त्यामुळे काड्या फाकतात. नवऱ्याने त्या गरम करून आत वळवल्या. चार दिवसांनी चष्मा पुन्हा नाकावर घसरला. त्याने पुन्हा वळवल्या. तिसऱ्यांदा त्याने तिला दुकानातल्या उंच स्टुलावर बसवलं, दिवा लावला, आणि एक डोळा मिटून काड्या बघायला लागला. मी तिथेच उभी होते.

"काड्या ठीक आहेत," तो म्हणाला.

"मग?"

छोटी मोजपट्टी काढून त्याने तिच्या नाकाच्या वर धरली आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. चष्मा करताना हे अंतर लागतंच. त्याने दोनदा मोजलं. मग मुंगीला म्हणाला, "जा, वर जाऊन खेळ," आणि ती गेल्यावर स्वतः त्या स्टुलावर बसला.

"कमी झालंय," तो म्हणाला.

"काय?"

"अंतर. डोळ्यांमधलं. मागच्या वर्षीपेक्षा कमी." त्याने मोजपट्टीकडे बघितलं. "अगं, पोरांचं हे वाढतं. मोठ्यांचं तेवढंच राहतं. कमी कोणाचंच होत नाही. एवढ्या वर्षांत मी कोणाचं कमी झालेलं पाहिलेलं नाही."

"चुकून मोजलं असशील."

"माझ्या पोरीचं?"

मग त्याने मोजपट्टी माझ्या हातात दिली. मी त्याचं मोजलं, त्याने माझं. दुकानात पहिल्या दिवसापासून आम्हा दोघांचे चष्मे त्यानेच केलेले, त्यामुळे मापं त्याला पाठ होती. त्याने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली; आमचीही कमी झाली होती. नंतर बराच वेळ तो काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमा उगीच नीट लावत बसला.

५

मला कारण हवं होतं. आजार चालला असता. पाण्यात काहीतरी आहे, हाडं झिजतात, काहीही. मी कामावर गेले ते ठरवूनच, की असल्या गोष्टी डोक्यातून काढायच्या.

समोर एक जुनी काचपट्टी होती. बोगद्यातल्या दगडाची, मागच्याच मोसमात केलेली आणि तेव्हापासून खणात पडलेली. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. अभ्रकाचे पापुद्रे ओळीत, नेहमीसारखे. मग नजर कडेला गेली, जिथे दगड संपतो आणि नुसती राळ उरते.

राळेत बारीक बुडबुडे राहतात. चिकटवताना हवा अडकते. ते गोल असतात. बुडबुडा गोलच असतो. हे गोल नव्हते. लांबट होते, तांदळाच्या दाण्यासारखे. आणि सगळ्यांची लांब बाजू एकाच दिशेला होती.

"काका," मी हाक मारली, "राळ लावताना तुम्ही पट्टी दाबता का?"

"हलकी. बोटाने." ते हात पुसत आले. "का हो? फुटली का?"

"बुडबुडे चपटे आहेत."

त्यांनी डोळा लावला. "अरेच्चा. असे नव्हते हे. माझ्या हातचे बुडबुडे मी ओळखतो." मग हसून म्हणाले, "खणात बसून बसून माझ्यासारखेच पोचे झाले."

मी दुसरी पट्टी काढली. ही आमच्या गावची नव्हती. कुठल्याशा लांबच्या ग्रॅनाइटची, ज्यात कण कसेही विखुरलेले असतात. दगड तसाच होता. पण कडेच्या राळेत तेच. खणात ती पट्टी कशी ठेवली होती ते मी मनात जुळवलं. मग खण उघडून होकायंत्र आत धरलं. तीच दिशा. मी खण बंद केला.

खडकावरचा दाब लाखो वर्षांपूर्वी संपलेला असतो. राळेला मात्र सुकून वर्षही झालं नव्हतं.

६

मी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मला वेड्यात काढेल अशी माझी आशा होती. पण मोजपट्टी हातात धरल्यापासून त्याचे विनोद आटले होते.

"म्हणजे आपण जसे झोपतो तसे झोपलो की चपटे होतोय," तो म्हणाला. "बाजूंनी."

"हो."

"मग तसं झोपायचं नाही. उलटं झोपायचं. आडवं."

"झोपेत वळाल दोघं."

"वळता येणार नाही अशी जागा करू." तो उठला. "पण मुंगीला नको. आधी मी झोपून बघतो."

दुकानाच्या मागच्या खोलीत काचांची दोन अवजड लोखंडी कपाटं होती. आम्ही ती ढकलून समोरासमोर आणली आणि मधल्या बोळात एक बाकडं ठेवलं, वायव्य-आग्नेय. त्यावर माणूस मावेल पण वळणार नाही, एवढीच जागा. दुपारी मुंगी शेजारच्या मैत्रिणीकडे होती. तो उशी घेऊन आत सरकला.

"शवपेटीत पडल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "मला घोरताना ऐकलंस की चहा टाक."

मी पायांकडे स्टुलावर बसले. बाहेर रस्त्यावर रिक्षांची ये-जा चालू होती, शेजारी कोणीतरी पाट्यावर काहीतरी वाटत होतं. त्याचा श्वास संथ झाला. थोड्या वेळाने त्याचे खांदे कपाटाला घासायला लागले. अंग वळू बघत होतं, जागा मिळत नव्हती. लोखंड कुरकुरलं. मग घासणं थांबलं.

तेवढ्यात माझी नजर त्याच्या पायांवर गेली.

तो उताणा झोपला होता. पाय बाकड्याच्या कडेला, तळवे माझ्याकडे. झोपलेल्या माणसाचे तळवे कसे सैल असतात, बोटं वर, थोडी बाहेर झुकलेली. त्याचे तळवे सपाट झाले होते. टाचा पसरल्या होत्या, बोटं फाकली होती. आणि कातडी पांढरी पडली होती, काचेवर हात दाबून धरला की काचेपलीकडून जशी दिसते तशी. तो उभा होता. बाकड्यावर आडवा पडलेला माणूस कशावर तरी उभा होता, आणि त्याच्या पायांच्या आणि माझ्या गुडघ्यांच्या मधे काहीच नव्हतं.

मी धावत डोक्याकडे गेले. त्याचे केस टाळूवर दबले होते. दोन ठिकाणी, शेजारीशेजारी, मधे केसांची एक उभी रेघ तेवढी फुललेली.

मी त्याचे खांदे धरून ओढले. तो हलला नाही. आतून एक आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा, आणि मग तो ओरडला.

७

"उंचावरून पडले का?" डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून विचारलं. "मणका दबलाय. माडीवरून पायांवर पडल्यावर होतं असं."

"पडला नाही. झोपला होता," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

माझी नणंद त्याच दवाखान्यात परिचारिका आहे. नवऱ्याहून मोठी, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. हात जड, आवाज मोठा, मन चांगलं. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"खरं सांग. तुमच्यात काही झालं का?"

"ताई, काय बोलताय?"

"कपाटांच्या मधे बाकडं, खांद्यांना खरचटलेलं, आणि म्हणे झोपला होता. अगं, रोज बघते मी असल्या कथा. माझा भाऊ आहे तो."

काय सांगणार होते मी? मी गप्प राहिले आणि ते त्यांना कबुलीसारखं वाटलं असणार.

नवरा औषधांच्या गुंगीत होता. मी जवळ बसले तेव्हा त्याने माझा हात चाचपला.

"मी कोणाच्या तरी डोक्यावर उभा होतो," तो म्हणाला.

"काय?"

"पायाखाली केस लागत होते. तो माणूस रडत होता बहुतेक. नुसतं हलणं कळत होतं. म्हणून मी जोर लावला नाही. गुडघे सैल सोडले." त्याने ओठ ओले केले. "मग सगळं माझ्या पाठीवर आलं."

मी म्हटलं, "झोप तू." गुंगीत माणसं काय वाट्टेल ते बोलतात.

निघताना मी वॉर्डाच्या दारात वळून बघितलं. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंनी खाटा. प्रत्येक खाटेवर माणूस तिरका. सगळ्यांच्या टाचा खाटेच्या एकाच कडेने बाहेर आलेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक परिचारिका रांगेने चालली होती आणि एकेकाचे पाय उचलून खाटेवर सरळ करत होती.

"घसरतात मेले," ताई मागून म्हणाल्या. "तासातासाला सरळ करावं लागतं. काहींना तर पट्ट्याने बांधतो."

"ताई, मणक्याचे रुग्ण वाढलेत का?"

"तुला कोणी सांगितलं? पलीकडचं दालनही भरलं."

"त्यांना सरळ करू नका," मी म्हटलं. "बांधू नका. माझं ऐका."

ताईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्यांचा चेहरा बदलला. रागाच्या जागी कीव आली, ते जास्त वाईट होतं.

"मुंगीला काही दिवस मी नेते," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी येते घ्यायला. तिचे कपडे भरून ठेव. आणि ती तिरकं झोपायची सवय मी मोडते पोरीची. माझ्या शेजारी झोपवीन, पट्टा बांधून. चार दिवसांत सरळ होईल."

८

दुसऱ्या दिवशी मुंगीला शाळेत सोडून मी प्रयोगशाळेत गेले. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच. तिला तिच्या कलाने झोपू दिलं तर ती चपटी होणार होती. ताईंनी बांधलं तर मोडणार होती. गाव सोडावं म्हटलं, तर लांबच्या मावसबहिणीला मी सकाळीच फोन केला होता. उगीच इकडचं तिकडचं बोलून विचारलं होतं, पोरं कशी झोपतात गं तुझी? ती हसली होती. "तिरकी. सगळा पलंग अडवतात."

मी हाताला लागली ती काचपट्टी घातली आणि डोळा लावला.

मधोमध गार्नेटचा एक कण होता. गोल, कठीण, तांबूस. अभ्रकाच्या ओळी त्याच्यापर्यंत सरळ येत होत्या आणि मग त्याला वळसा घालून जात होत्या, नदी जशी मोठ्या धोंड्याला टाळून जाते. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. गार्नेट दाबाला जुमानत नाही. सगळा रेटा तो दोन बाजूंनी अंगावर घेतो. त्यामुळे उरलेल्या दोन बाजूंना, त्याच्या अगदी कुशीला, थोडीशी जागा सुटते जिथे दाब पोचत नाही. तिथे मऊ कण निवांत पडलेले असतात. गारगोटीचे बारीक दाणे, कसेही, ज्याला जसं हवं तसं. आम्ही त्या जागेला दाबाची सावली म्हणतो.

मी डोळा बाजूला घेतला तेव्हा पापण्या ओल्या होत्या. काका लांबून म्हणाले, "राळेचा वास झोंबतोय का हो?"

"हो," मी म्हटलं आणि रजा टाकून निघाले.

मी गार्नेट नाही. लहानपणापासून मी रडूबाई म्हणून प्रसिद्ध आहे. पण घरात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं.

९

मुंगी शाळेतून आली, जेवली, आणि जांभया द्यायला लागली. मी मागच्या खोलीतलं एक कपाट जरा सरकवून बोळ रुंद केला. बाकडं काढून जमिनीवर गादी घातली. स्वतः तिच्यावर आडवी झाले, डोकं वायव्येला, पाय आग्नेयेला, आणि एका बाजूने कपाटाला टेकले.

"ये. माझ्या कुशीत ये. पायांकडे जायचं नाही, डोक्याकडे जायचं नाही. इथेच."

"ताईआत्या येणार आहे ना?"

"संध्याकाळी. मी तिच्याशी बोलते. तू झोप."

ती आली. थोडा वेळ बाबा कधी येणार, शाळेत कोणी कोणाला ढकललं, असं काहीबाही बोलली आणि बोलता बोलता झोपली. मी तिच्याकडे बघत राहिले. सुरुवातीला ती ताठ झाली, हात अंगालगत गेले. आणि मग ती सैल पडली. एक पाय माझ्या पोटावर टाकला. गुडघा पोटाशी, हात डोक्यावर, तोंड उघडं. कित्येक दिवसांनी ती पोरीसारखी झोपली होती. फिरकीसारखी, कशीही.

मी हसत असणार, कारण ओठ कोरडे होऊन दातांना चिकटले होते. तेव्हाच माझ्या टाळूवर काहीतरी टेकलं.

दोन तळवे. मोठे, खरबरीत, भेगा पडलेल्या टाचांचे. मी मान वर करून बघितलं; भिंत, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, बाकी काही नाही. ते तळवे गरम होते. त्यांच्यामागचा माणूस जोर करत नव्हता, उलट सावरत होता असं मला वाटलं. पण त्याच्याही वरून त्याला कोणीतरी दाबत होतं, आणि तो भार हळूहळू माझ्या मानेत उतरायला लागला. मग खांद्यांत. कमरेत. मी दात आवळले. गुडघे ताठ केले आणि खाली रेटा दिला.

माझे पाय कशाला तरी लागले.

केस होते. मऊ, तेल लावून चापून बसवलेले. डाव्या पायाच्या अंगठ्याला मधला भांग लागला, सरळ, कोणीतरी काळजीने पाडलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वेण्यांची सुरुवात. डोकं एवढंसं होतं, माझी दोन्ही पावलं त्याच्यावर पुरती मावत नव्हती. ते थरथरत होतं. माझ्या पायाखालून सुटायला ते डावीकडे वळू बघत होतं, उजवीकडे वळू बघत होतं.

मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. गुडघे जरा वाकवायचे होते, बस. एवढंच करायचं होतं. मी ते वाकवायलाही लागले. लगेच कमरेत कळ आली, अंग वाकलं, आणि माझ्या शेजारी मुंगीचा पाय सरळ झाला. मग दुसरा. हात डोक्यावरून उतरून अंगालगत गेला. ती झोपेतच कण्हली.

दुकानाच्या दाराची कडी वाजली. ताईंचा आवाज आला, "अगं, आहेस ना घरात? दार उघड."

मी उत्तर दिलं नाही. मुंगीला डाव्या हाताने घट्ट ओढून घेतलं आणि गुडघे पुन्हा ताठ केले, जितके होतील तितके. पायाखालची थरथर वाढली. कडी वाजत राहिली. मुंगीने कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले, आणि तोंड उघडं टाकून झोपली.

मग पायाखालची थरथर थांबली.